नोट्समध्ये नाही, म्हणजे ती बोललीच नाही?

मंडळी, आज ऑफिसात साहेबांशी भांडून आलेय.

कोलकात्यात न्यू टाउनच्या आमच्या ऑफिसात मीटिंगच्या नोट्स आता एआय काढतं. काल माझी सहकारी मौसुमी मीटिंगमध्ये पोटतिडकीने सांगत होती, "नवं ॲप इतक्यात सुरू करू नका, त्यात गडबड आहे." बोलता बोलता ती बंगालीवर गेली. साहेब मीटिंगला नव्हते. त्यांनी नोट्स वाचून परवानगी दिली आणि आज ॲप बंद पडलं.

साहेब मौसुमीवरच घसरले. "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, सर."

"मग नोट्समध्ये कुठंय?"

नव्हतंच. यंत्राला बंगाली कळली नाही, त्याने ते गाळून टाकलं. बाकी सगळ्यांनी लॅपटॉपमध्ये डोकी घातली!

मी उठले. "सर, मी स्वतः ऐकलंय. माझ्या नावाने लिहा."

साहेब चिडले, पण मौसुमीचं वाक्य नोट्समध्ये आलं. बंगालीतच.

माध्यम नुसता निरोप्या नसतं, काय जमेस धरायचं तेही ठरवतं, हे कॉलेजात शिकले होते. ठरवू दे त्याला. मी मानणार नाही.

तुमच्यासमोर कुणाचं बोलणं असं गळालं, तर तुम्ही उठाल ना?