धाकलीने मागितलेले तीस रुपये

पंधरा दिवस झाले. धाकली गेल्याचा फोन तुर्भ्याहून आला, तेव्हा मी विजेचं बिल तपासत बसलो होतो. तिने पाहिलं असतं तर म्हणाली असती, "बस, आकडेच बघ!" धाकली म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. आईला आणि मला बोनकोड्याला ठेवून वडिलांनी तुर्भ्याला तिच्याशी संसार थाटला, तेव्हा मी तान्हा होतो. गावच्या पंचांनी माझ्या पोटगीचे महिना पंधरा रुपये ठरवले. वडील मिठागरावर मुकादम होते. पैसे मात्र वेळेवर देत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

साठ सालानंतर तांदूळ महागला, आणि त्यातच मी सातवी पास झालो. खाडीपलीकडच्या हायस्कुलात जायचं तर फी, पुस्तकं, होडीचं भाडं. पंधरात ते बसेना. आईने देवळासमोर पंच बसवले आणि पंचवीस मागितले. नाहीतर माझी शाळा सुटणार होती. वडील म्हणाले, "एक पोरगा खातो तो किती?" आई उसळली, "मंग ने त्याला! मे महिनाभर तुज्याकडं जेवू दे, मंग सांग!" पंच हसले, पण आईचा आवाज शेवटी कापला... धाकलीला मूल नव्हतं. पोरगा तिकडंच रमला तर?

आणि मी रमलोच. तांदळाच्या भाकऱ्या, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, उसवलेल्या सदऱ्याला रात्रीतून टाका. एकदा चुलीकडे बघतच धाकलीने विचारलं, "राहतो का रं हितंच?" मी म्हणालो, "आई एकटी हाय." तिने पुन्हा विचारलं नाही. भाकरी तेवढी वाढली.

महिन्याअखेरीला पंच पुन्हा बसले. फिर्यादी सोडून बाकी बायकांनी मागे बसून ऐकायचं, अशी रीत. वडिलांनी सुरुवात केली, "पंधरात आरामात..."

"नाय भागत," मागून धाकली बोलली. "तीस लागतील."

वडील गर्रकन वळले. "घर माझं हाय का तुझं?"

"घर तुमचं. चूल माझी. पीठ किती संपलं ते मना इचारा."

एका म्हाताऱ्या पंचाला हसता हसता ठसकाच लागला. तीस ठरले. आई सरळ माणूस, उठताना म्हणाली, "मी पंचवीसच मागितले व्हते." धाकली म्हणाली, "बाय, तू पोराला कमी जोखला." मग माझा सदरा घडी करून तिने आईच्या हातात दिला आणि वळून चालू लागली.

परवा तिच्या कार्याला तुर्भ्याला जेवलो. माझं पोट भरलं होतं, तरी तिची भाचेसून भात घेऊन आली. मी ताटावर हात आडवा धरला.

"आत्यांनी बजावून ठेवलंय," ती म्हणाली. "बोनकोड्याचा नको म्हणाला, तरी ऐकायचं नाय."

मी हात काढून घेतला.