सखाराम मास्तरांच्या हरवलेल्या चार सेकंदांसाठी: खालापूर आणि कडाव

१. शुक्रवारी सकाळी मी कर्जतला पोचले. तिथून गाडी बदलून खोपोली, खोपोलीहून रिक्षाने खालापूर.
२. दुपारी एका लग्नाच्या बँडचं वादन वरातीत चालत रेकॉर्ड केलं.
३. शनिवारी कडावला एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याचं वादन त्याच्या ओट्यावर रेकॉर्ड केलं.
४. जे आणायला गेले होते ते मिळालं नाही.

आता नीट सांगते.

जुन्या ध्वनिमुद्रिका साफ करणं हे माझं काम. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर शकुंतलाआजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. दिवाळीआधी त्यांनी माझ्या हातात एक जुनी तबकडी दिली. ती त्यांच्या वडिलांच्या बँडची. वडील म्हणजे सखाराम मास्तर. मूळचे खालापूरकडचे. एका संस्थानाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकले, मुंबईत येऊन सॅक्सोफोनवर गेले आणि महायुद्धाच्या काळात एका मोठ्या हॉटेलच्या डान्स फ्लोअरवर स्वतःचा स्विंग बँड चालवू लागले. हॉटेलबाहेरच्या फलकावर त्यांचं नाव ‘सॅमी राम आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा’ असं होतं. गोरे सैनिक त्या तालावर नाचायचे. फलकावरचा सॅमी खालापूरचा आहे हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

त्या बँडची एकच तबकडी निघाली. मग दारूबंदी आली, डान्स फ्लोअर ओस पडले. मास्तर काही वर्षं स्टुडिओत मागच्या रांगेत बसून वाजवत होते, नंतर गावी परतले आणि लग्नाचा बँड काढला.

तबकडीत मास्तरांचं एकट्याचं वादन आहे आणि त्याच्या मधोमध एक जागा जळालेली. तिथे रेघा एकमेकींत वितळल्यात आणि सुई पुढे उडी मारते. माझ्या हिशोबाने साधारण चार सेकंद जातात. मी तीन प्रकारच्या सुया वापरून पाहिल्या, उलटं फिरवून पाहिलं. तिथे आवाजच उरलेला नाही.

आजींच्या कानाची शस्त्रक्रिया डिसेंबरात आहे. आत यंत्र बसवणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की बोलणं जास्त चांगलं कळेल, पण संगीत आज ऐकू येतं तसं येईल याची खात्री नाही. उरलेल्या कानाने वडिलांचं वादन एकदा सलग ऐकायचं, एवढंच त्यांना हवंय. मास्तरांचा बँड खालापुरात अजून चालतो आणि तबकडीतली चाल अजून वाजवतो असं कळलं, म्हणून मी रजा टाकली. ऑफिसातल्या तीन आठवड्यांच्या जागरणानंतर मला खरं तर झोप हवी होती.

कुणाला जायचं असेल तर: कर्जत-खोपोली गाडी ठरावीक वेळांनाच असते, चुकली तर बरंच थांबावं लागतं. मी थांबले. फलाटावर दोन वडापाव खाल्ले, दुसरा नको होता. पळसदरीनंतर भात कापून झालेली खाचरं आणि पेंढ्याच्या उडव्या दिसत राहतात. मी डोळे मिटून घेतले, त्यामुळे याहून जास्त वर्णन माझ्याकडे नाही. खोपोली स्टेशनबाहेर रिक्षावाले “महड, महड” ओरडत असतात. गणपतीला जायचं नाही हे दोनदा सांगावं लागतं. खालापूरला माणशी तीस रुपये घेतले. राहायचं मात्र खोपोलीतच बघा.

बँडचे सध्याचे मालक नरेशभाऊ, पन्नाशीचे. त्यांच्या वडिलांना मास्तरांनी शिकवलं, वडिलांनी यांना. ते ट्रम्पेट वाजवतात आणि एरवी इस्त्रीचं दुकान चालवतात. लाल कोटाच्या बाह्यांवरची सोनेरी पट्टी ते स्वतःच टाचत बसले होते.

“मशीन घेऊन आलात ताई? आमचं रेकॉर्डिंग कुनी करत नाय. समदे व्हिडिओ काढतात, त्यात नवरी दिसते, आमचे पाय दिसतात.”

नवरदेवाला लग्नाआधी मारुतीला नेतात, तेव्हाच ही चाल वाजते. एरवी दुकानात वाजवून दाखवा म्हटलं तर नाही. मी विचारून पाहिलं. “नवरदेवाबिगर कशी वाजवनार?” एवढंच उत्तर. मग मीही वरातीबरोबर निघाले. खांद्याला यंत्र, हातात माइक, डोक्यावर ऊन. मागे एक्सप्रेस-वेची अखंड घरघर, जी मला आता रेकॉर्डिंगमधून काढत बसायची आहे. घोडा माथेरानहून टेंपोने आणलेला.

चाल सुरू झाली आणि मी ती लगेच ओळखली. ट्रम्पेटवर, ढोल-ताशाच्या वजनाखाली, पण तीच. लांब-आखूड, लांब-आखूड असा तो स्विंगचा झोका जसाच्या तसा. जळालेली जागा जवळ आली तसा मी माइक पुढे धरला.

आणि अख्ख्या वरातीने उडी मारली.

करवल्या, मामा, आहेराची पिशवी धरलेली एक बाई, सगळ्यांनी एकदम. बँड चार सेकंद गाळून पलीकडे पोचला होता. घोडा दचकून आडवा झाला. नवरदेवाने त्याची मान धरली.

“घोड्याला सांगितलं नाय का रं कोनी?” मामा ओरडले.

“माथेरानचा हाय तो, त्याला काय म्हाईत!”

देवळाच्या पायरीवर नरेशभाऊंनी समजावलं. “ती मास्तरची उडी. आमच्याकडं लग्नात समदे मारतात. नाय मारली तर म्हनतात बँड हलका आनला.”

“पण मूळ चालीत ती उडी नव्हती. तबकडी तिथे जळालीय.”

“तेच सांगतोय ना. मास्तरांचा उजवा हात गेला, अंगावरनं वारं गेलं. वाजवता येईना. मग रेकॉर्ड लावून शिकवायचे. खंडेनवमीला आमी वाद्यांची पूजा करतो. मास्तर म्हनाले, आता माझं वाद्य हेच, ठेवा पाटावर. ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, आरती केली, आन् बापाच्या हातातल्या ताटातला पेटता कापूर पडला तिच्यावर.”

“मग?”

“मग काय. माझा बाप रडायला लागला. मास्तर म्हनाले, रडतो काय, वाजव हाय तसं. बापानं उडीसकट बसवली.”

जेवणात वालाचं बिरडं, भात आणि बुंदी होती. बँडवाल्यांच्या पंगतीत बसले. बिरडं चांगलं होतं. ज्या जागेसाठी आले ती त्यांच्याकडे कधी नव्हतीच.

निघताना नरेशभाऊ म्हणाले की तबकडी जळण्याआधी, हात जाण्याआधी मास्तरांच्या शेजारी बसून वाजवलेला एकच माणूस उरलाय. कडावचे दामूकाका.

शनिवारी परत कर्जत, तिथून शेअर रिक्षाने कडाव. रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही. शेवटची जागा दुधाच्या रिकाम्या किटल्यांनी भरली. दामूकाका ओट्यावर बसले होते. त्यांनी क्लॅरिनेट काढलं, कवळी नीट बसवली.

“त्यांना काल काय खाल्लं ते आठवत नाय,” काकू आतून म्हणाल्या, “आन् तुला तवाचं पायजे!”

“तू गप गं. च्या टाक.”

मी त्यांना आधीचा तुकडा ऐकवला, हरवलेल्या जागेपाशी थांबवला आणि खूण केली. त्यांनी पुढचं वाजवलं. सूर थोडा फुसफुसत होता, पण जागा बरोबर भरली, पलीकडच्या सुराला अचूक जाऊन मिळाली. मला बरं वाटलं. खात्रीसाठी म्हटलं, पुन्हा एकदा.

पुन्हा वाजवलं ते वेगळं होतं. तिसऱ्यांदा त्याहून वेगळं.

“काका, यातलं मास्तरांचं कुठलं?”

“तिन्ही त्यांचीच.”

“तबकडीत कुठलं होतं?”

“ते कसं सांगू? मास्तर ती जागा रोज बदलायचे. मी एकदा आदल्या दिवशीचं वाजवलं तर भर मांडवात म्हनाले, दाम्या, कालचं उष्टं वाढतो काय रं?” ते हसले, कवळी सावरली. “तू पन उष्टंच मागतेस, पोरी.”

“हो,” मी म्हणाले. “मला तेच हवंय.”

काकूंनी चहाबरोबर तांदळाची भाकरी खायला लावली आणि पैसे घेतले नाहीत.

रविवारी आजींना सगळं ऐकवलं, मोठ्या हेडफोनवर, आवाज चढवून. वरातीच्या उडीपाशी त्या हसल्या आणि पुन्हा लावायला सांगितली. मग दामूकाकांचे तिन्ही तुकडे. मी म्हटलं, यातला तिसरा मी तबकडीत बेमालूम बसवू शकते. सूर, वेग, खरखर, सगळं जुळवून देईन. कुणाला कळणार नाही.

“चांगलं वाजवलंय दामूने,” त्या म्हणाल्या. “पण ते दामूचं आहे.”

मी वाद घातला नाही. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, “दुसरी प्रत कुणाकडे असेल का गं?” मी म्हटलं, विचारून बघते.

अजून खांदा दुखतोय. वरातीचं रेकॉर्डिंग साफ करताना त्या जागेपाशी टाच आपोआप उचलली जाते, हे मी थांबवू शकलेले नाही. एरवी या दोन दिवसांतून हाती काय राहिलं असं विचाराल तर एक चाल तिच्या भोकासकट, आणि ते भोक भरणारे तीन तुकडे, तिन्ही वापरता न येणारे. मी थकले आहे, पण अजून काम बंद केलेलं नाही.

तुमच्या घरात, माळ्यावर, जुन्या बाजारातल्या ढिगात ‘सॅमी राम आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा’ असं इंग्रजीत छापलेली, फुटकी, चरे पडलेली कशीही तबकडी असेल तर तिला सुई लावू नका आणि पुसू नका. खाली प्रतिक्रियेत लिहा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि काम झालं की परत आणून देईन. शस्त्रक्रिया अठरा डिसेंबरला आहे. मला काम करायला दोन दिवस लागतील. कृपया पंधरा डिसेंबरपर्यंत कळवा.