दिवाळीनंतर चालू करणे

जालन्यात बियाण्याच्या एका दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. जिना इतका अरुंद, की नवा माणूस घेताना शिक्षणाआधी त्याची रुंदी बघतात. वर आम्ही नऊ जण एकतीस प्रोजेक्ट सांभाळतो: जिनिंगचे वजनकाटे, मोसंबीची अडत, दूध संकलन, असलंच सगळं. आमच्यात नावानं कुणी हाक मारत नाही, गावानं मारतात. मी बदनापूर. माझ्या शेजारी बसतो तो केदारखेडा. आणि गेल्या वर्षी आली ती तीर्थपुरी.

आता या गोष्टीपुरतं एक समजून घ्या. आम्ही लिहिलेला कोड पुढं जाण्याआधी लिंट नावाचा एक प्रोग्राम वाचतो, बाई बाजरी निवडते तसा. खडा दिसला की लाल, नाही दिसला की हिरवं. खडा कशाला म्हणायचं हे नियमांच्या फाइलीत लिहिलेलं असतं, आणि ती फाइल प्रत्येक प्रोजेक्टात वेगळी. नियम बदलला की एकतीस ठिकाणी जाऊन हातानं बदला. आठ वर्षं ते काम माझ्याकडं होतं. मी एवढ्या ओळी इकडून उचलून तिकडं चिकटवल्या, की बोटांचे ठसे झिजले आणि रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन मला ओळख देईना.

एक रीत मात्र आम्ही पाळत आलो. एखादा नियम फारच आडवा आला तर आपल्यापुरता बंद करायची मुभा, पण खाली ओळ लिहायची: का बंद, कधीपर्यंत, आणि सहीच्या जागी गाव. केदारखेड्याची एक ओळ अशी आहे: 'जिनिंगचा जुना काटा असंच मागतो. काटा बदलेपर्यंत. केदारखेडा.'

तीर्थपुरीला सरांनी सहा महिने 'बघू'वर ठेवलं होतं. मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा तिला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "नवे नियम एकतीसच्या एकतीस प्रोजेक्टात गेले पाह्यजेत. शुक्रवारी सगळं हिरवं दिसलं तर तू कायम."

न दिसलं तर काय, हे ते बोलले नाहीत. गावी परतून पुन्हा शिकवण्या घ्यायची तिची तयारी नव्हती. तिनं तसं कुणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात डबा न उघडताच परत जायला लागला, त्यावरून आम्ही ओळखलं.

मी मोठ्या मनानं म्हणालो, "ये, हातानं कसं करतात ते दाखवतो. माझं चिकटवणं बघायला पुण्याहून माणसं आल्ती."

"नको काका. मी मशीनलाच शिकवून राह्यले."

सोमवार, मंगळवार, बुधवार. तिनं एकही फाइल बदलली नाही. नुसती आमच्या जुन्या फायली वाचत बसली, त्या खालच्या ओळींसकट.

केदारखेडा म्हणाला, "तीर्थपुरे, परीक्षा परवा हाय अन् तू अजून पुस्तकाला कव्हर घालून राह्यली."

"कव्हर बराबर बसलं पाह्यजे ना दादा," ती म्हणाली आणि वाचत राहिली.

गुरुवारी दुपारी चहा आला तेव्हा तिनं एक बटण दाबलं. वाढवून सांगायची माझी खोड जगजाहीर आहे, म्हणून शपथेवर सांगतो: मी कप उचलून खाली ठेवेस्तोवर एकतीसही प्रोजेक्टांत नवे नियम जाऊन बसले होते. तिनं एकच मूळ फाइल केली होती, तिथं बदललं की सगळीकडं बदलणार. आणि माझ्यासारख्यानं जे सरसकट पुसून टाकलं असतं ते तिनं जपलं होतं. ज्या सवलतीखाली कारण होतं आणि मुदत बाकी होती, ती जशीच्या तशी. केदारखेड्याच्या काट्याला धक्का नाही. मुदत टळलेल्या सवलती तेवढ्या उठवलेल्या.

तीस हिरवे. एक लाल. चार हजारांवर खडे.

तो माझा होता, मोसंबीच्या अडतीचा. 'आठ वर्षांत लिंटला खडा सापडला न्हाई' असं मी ज्याच्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो, तोच.

तीर्थपुरी माझ्या खुर्चीजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, दिवाळी झाली का?"

मला वाटलं, फराळाचं विचारते. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. फाइलीच्या तळाशी माझीच ओळ होती: 'घाई आहे. सगळी तपासणी बंद. दिवाळीनंतर चालू करणे. बदनापूर.' त्यानंतर सात दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. निवडायलाच घेतलं नाही त्या बाजरीत खडा कुठून निघणार?

"ती ओळ परत टाक," मी कुजबुजलो. "आत्ताच्या आत्ता हिरवं होतं. तुझं काम पक्कं, माझी इज्जत पक्की."

"होतंय की. पण मंग मशीनला शिकवावं लागंल की बदनापूरची दिवाळी कधीच होत न्हाई."

ती हे चिडून बोलली नाही. नोकरी तिची पणाला लागली होती, मुदत उद्याची होती, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की काका काय ते बराबर करतीलच. मी उठलो आणि केबिनमध्ये गेलो.

"सर, एक लाल हाय. तिचा न्हाई, माझा. दिवाळीपुरती तपासणी बंद केल्ती, चालू करायची राहिली."

"किती दिवाळ्या?"

"चार."

"सात," मागून दारातून तीर्थपुरीचा आवाज आला.

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. उद्या हिरवं दिसलं पाह्यजे." अट होती तीच राहिली.

बाहेर आल्यावर तिनं माझ्या चुकांचे दोन ढीग केले. मशीन स्वतः दुरुस्त करू शकतं ते तीन हजारांवर खडे तिनं बसल्या जागी उडवले. उरलेले आम्ही वाटून घेतले, ती, मी आणि केदारखेडा. तो प्रत्येक खड्यागणिक मला वाचून दाखवायचा. "बदनापूर, हे तू लिहिलंस का म्हशीनं पाय दिला?" शुक्रवारी दुपारी शेवटचा खडा निघाला. हिरवं झालं. सर आले, स्क्रीनवरच्या एकतीसही हिरव्या ओळी बोटानं मोजल्या आणि तिला म्हणाले, "कागद आज करून घे."

मग तिनं डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, एका माणसाची. नऊ जण जेवलो आणि उरली, यावर तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

गेल्या महिन्यात मी घाईत एक नियम बंद केला. रीतीप्रमाणे खाली लिहिलं, 'उद्या चालू करतो. बदनापूर.' दुसऱ्या दिवशी हेल्मेट काढतोय तोच मशीनचा निरोप येऊन बसलेला. मुदत संपली, नियम पुन्हा चालू करायला मंजुरी हवी, आणि खाली एक ओळ: 'उजाडलं काका. तीर्थपुरी.'

मी मुकाट्यानं मंजूर केलं.