आबांच्या वाचनाचं यंत्र

आबांची नजर मधोमध गेली. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दारात माणूस आला की चपला ओळखायचे, तोंड नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, चष्म्याचा उपयोग नाही.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन मिरजेजवळ आमच्या गावी राहायचे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथ वाचायचा तो त्यांनीच. पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ डोक्यावरून न्यायचे आणि खणखणीत आवाजात वाचायचे. त्या वर्षी तो ग्रंथ फळीवरच राहिला आणि आबांचं जेवणच तुटलं. मला बघवेना.

मी तिकडं शहरात, विश्रामबागेत एका कॉलेजच्या ऑफिसात होते. म्हटलं, हात जोडून बसायचं काय म्हणून? आधी भिंग आणलं. त्यातून दोनच शब्द दिसायचे. वाक्य संपेस्तोवर सुरुवात विसरायची. मैत्रिणीच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर होता, त्यावर अक्षर लिंबाएवढं करता यायचं. पण ते धूड गावी न्यायचं कसं, टाईप कोण करणार, आणि आमच्याकडची लाईट तर काय, बोलायलाच नको! टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चालतो, पिशवीत मावतो. ठरलं. पंखा बंद करून, घामाघूम होत मी अख्खा ग्रंथ कॅसेटींवर वाचला. घसा बसला पार.

आबांनी थोडा वेळ ऐकलं. मग चाचपत बटण दाबून टेप बंद केला.

"आवाज ग्वाड हाय तुझा."

"मग बंद का केला?"

"माझा बा जलमभर ऐकतच आला, पोरी. देवळाच्या भितीमागं हुबा ऱ्हाऊन पोथी ऐकायचा. आत खरं काय लिवलंय, ते बघायची सोय न्हाई. मी वाचाय शिकलो तवा आमच्या घरात पयल्यांदा कुणीतरी बघितलं. आता मला परत भितीमागं बशिवतीस व्हय?"

मला असा राग आला! एवढी मरमर केली ती काय उगाच? तरातरा उठून घरामागं परड्यात गेले आणि तिथं रडू फुटलं. कारण म्हातारा खरं बोलत होता.

मग मैत्रिणीच्या क्लासमध्ये टाईप करायला मीच बसले. वर्षावासाच्या समारोपाला वाचायचं प्रकरण तेवढं झालं. कॉम्प्युटर वाकळेत गुंडाळून जीपनं गावी आणला. विहारात टेबलावर ठेवला तर आईनं त्याच्यापुढं फूल ठेवलं. आबा दाराकडं तोंड करून, डोळ्याच्या कोपऱ्यातनं वाचायला लागले. अडखळत, पण वाचायला लागले! मी बटण दाबून ओळी सरकवत होते. आई पदर तोंडाला लावून बसली होती.

शेवटचं पान उरलं आणि लाईट गेली.

मागनं कुणीतरी म्हणालं, "ताई, टेप लावा की." टेप पिशवीत होता. मी हात लावला नाही. बराच वेळ वाट बघितली. लाईट काही आली नाही.

"कुठल्या वळीवर हुतो गं आपून?" आबांनी विचारलं. मी सांगितली.

"धरून ठेव. फुडल्या वक्ताला तितनंच."

सकाळी कॉम्प्युटर परत न्यावाच लागला, क्लास अडला होता.

पुढच्या वर्षावासापर्यंत आबांच्या नजरेची कडही गेली. समारोपाला ग्रंथ त्यांनीच डोक्यावरून आणला, आईच्या खांद्याला धरून. मी तीच ओळ काढून वाचायला बसले. कुणीतरी म्हणालं, "आबा, भितीला टेकून बसा निवांत." आबा न्हाई म्हणाले. सरकत सरकत पुढं आले आणि ग्रंथाला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले.