गव्याला वाजवलेली घंटी

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा मी ती घरातल्या घरात, भिंतीकडे तोंड करून चालवीन अशी आमच्या ह्यांची समजूत होती. मी गिअरची सायकल आणली आणि जाम नदीच्या पुलावरून सावरगावाकडे निघाले. शाळेत गणित शिकवणारी बाई डोक्यावर हेल्मेट घालून चालली आहे म्हटल्यावर ओळखीची माणसं दुकानांतून बाहेर येत. "मॅडम, स्कूटी बंद पडली काय?" असं विचारत. "नाही हो, गुडघे," असं मी सांगायची. गुडघ्यांआधी जबडाच दुखायला लागला.

हळूहळू मी तिगावपर्यंत जाऊ लागले, आणि मग एका हिवाळ्यात सायकल घेऊन नणंदेकडे गेले. तिचं सासर रामाकोन्याजवळ, संत्र्याच्या बगिच्यात. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. लग्नाआधी कधी सायकलला हात लावलेला नाही, नंतर तर प्रश्नच नव्हता. तिने माझी सायकल पाहिली, हँडल दाबून पाहिलं, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाली, "वहिनी, मलेबी शिकाची आहे. मी काय म्हातारी होऊन राहिली काय?"

तिला शिकवलं तिच्या नवऱ्याने. आमचे भाऊजी मोठे धीराचे. संत्र्याच्या दोन ओळींमधून सीट धरून ते तिच्यामागे धावायचे, आणि ती "थांबा, थांबा" म्हणाली की दोन्ही हातांनी सायकल धरून ठेवायचे. ती आरामात खाली उतरायची. असं महिनाभर चाललं. शेवटी ती एकटी चालवायला लागली, चांगली तोल सांभाळून, वळणंबिळणं घेऊन. मग लक्षात आलं की तिला उतरता येत नाही. भाऊजी नसले की ती एखादा ओटा शोधायची, त्याला खेटून सायकल न्यायची आणि ओट्यावर पाय टेकवायची. चढायलाही तोच ओटा.

"ताई, उतरायचं शिकून घ्या ना आधी," मी म्हटलं.

"ते येऊन जाईन आपोआप," ती म्हणाली. "आधी जंगलाच्या रस्त्यानं जाऊ."

जंगलाचा रस्ता म्हणजे अभयारण्याच्या कडेकडेने, टेकड्या चढत-उतरत पलीकडच्या गावाला जाणारा डांबरी रस्ता. आत जायला परवानगी लागते, पण हा गावांचा रस्ता, बस जाते त्याच्यावरून. पलीकडच्या गावात तिची चुलतसासू राहते. तिच्याकडे जेवायचं आणि परत यायचं, असं ठरलं. पण मधे उतरायचं कुठे? म्हणून भाऊजी आदल्या दिवशी आम्हा दोघींना पिकअपमध्ये बसवून त्या रस्त्याने घेऊन गेले. लोक जंगलात वाघ पाहायला जातात. आम्ही तिघं ओटे पाहत होतो. नाल्यावरच्या पुलाचा कठडा चांगला होता. मारुतीचा पार उत्तम. एक सागाचा ओंडका पडलेला होता, तो नणंदेने खाली उतरून पाय ठेवून पाहिला आणि "थोडा ठेंगणा हाय, पण जमते," असा निकाल दिला.

रविवारी सकाळी निघालो. हवेत गारठा होता. तिने स्वेटरवर ओढणी घट्ट बांधली होती आणि हेल्मेटच्या आत रुमाल. पुलापाशी ती ऐटीत टेकली, पाणी प्यायली, पुन्हा निघाली. चढावर मी गिअर बदलत धापा टाकायची आणि ही बाई भाऊजींच्या जुन्या, काळ्या, बिनगिअरच्या सायकलवर माझ्यापुढे! शेतात राबलेले पाय. उतरून ढकलणं तिला शक्यच नव्हतं, त्यामुळे ती चढावर उभी राहून पायडल मारायची आणि मोठ्याने सासरच्या एकेकाचा उद्धार करायची. त्याने जोर येतो म्हणे.

मारुतीच्या पारावर आम्ही एकेक संत्रं खाल्लं. मग एक लांब उतार लागला. दोन्ही बाजूंना साग, खाली वाळल्या पानांचा सडा, रस्ता डावीकडे वळत खाली जाणारा. मी पुढे होते. वळण घेतलं आणि दोन्ही ब्रेक दाबले.

रस्त्याच्या मधोमध गवा उभा होता. एकटाच. मी गवा फोटोत पाहिलेला. फोटोत तो म्हशीएवढा वाटतो. इथे तो भाऊजींच्या पिकअपएवढा वाटला. काळाकुळकुळीत, आणि पाय मात्र गुडघ्यापासून खाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सायकलसकट एका सागाच्या आड सरकले. तो साग माझ्यापेक्षा बारीक होता.

तेवढ्यात मागून घंटी ऐकू आली.

"ताई, थांबा!" मी जमेल तेवढ्या दबक्या आवाजात ओरडले.

"कशी थांबू वो?" माझ्या बाजूने जाताना ती ओरडली. मग तिला गवा दिसला. ती किंचाळेल असं मला वाटलं. पण तिने घंटीवरचा अंगठा काढलाच नाही. घरच्या गोऱ्ह्याला हाकलावं त्या सुरात तिने आवाज टाकला, "हऽऽ! सरक! सरक रे बापा! मले थांबता नाही येत!"

आणि गवा सरकला. खरंच सांगते. दोन पावलं मागे झाला, फुसकारला, आणि त्याच्या नाकासमोरून माझी नणंद ओढणी फडफडवत निघून गेली. पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. घंटी मात्र बराच वेळ वाजत होती.

आता रस्त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती आणि मधे तो. त्याला काही घाई नव्हती. कडेचं गवत खात तो उभा राहिला. ही आता कुठपर्यंत जाईल, हा विचार मनात आला. ओंडका तर बराच पुढे होता. ती पडली असेल तर? भाऊजींना काय सांगू?

मग वळणावर ती दिसली. चालत येत होती, सायकल हातात धरून, एका हातात दगड. गव्याला पाहून लांबच थांबली आणि तिने हाक मारली, "वहिनी! हाय ना तुम्ही? बोला ना वो!"

"आहे, आहे! पुढे येऊ नका!"

ती आली नाही, पण मागेही गेली नाही. आम्ही दोघी दोन टोकांना आणि तो मधे चरतोय, असा वेळ गेला. शेवटी त्याला आमचा कंटाळा आला असावा. तो सावकाश रस्ता ओलांडून सागांमध्ये शिरला. पानांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर मी सायकल ढकलत तिच्यापर्यंत गेले. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढचे दोन दिवस वळ राहिले.

"मले वाटलं, त्यानं तुमाले काही केलं," ती म्हणाली.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही उतरलात कशा?"

तिने आपल्या पायांकडे पाहिलं. मग सायकलकडे. "बापा!" ती म्हणाली, आणि रस्त्यातच खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही बसले.

तसं बसलेलं आम्हाला पाहून मोटारसायकलवरून जाणारा नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा गार्ड, थांबला. "मॅडम, तबियत ठीक है ना?" त्याने विचारलं. आम्ही गव्याचं सांगितलं. घंटी वाजवल्याचं ऐकून तो गंभीर झाला. पुन्हा असं करू नका, लांब थांबायचं, तो आपणहून जातो, असं त्याने बजावलं. नणंदेने लहान मुलीसारखी मान हलवली.

चुलतसासूकडे वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि मुगाच्या डाळीचे वडे होते. आम्ही अधाशासारख्या जेवलो. नणंदेने गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळेला गवे दोन झाले होते.

दुपारी भाऊजी काळजीने पिकअप घेऊन आलेच. माझे गुडघे कुरकुरत होते, मी सायकल मागे टाकली आणि त्यांच्या शेजारी बसले. नणंद काही बसेना. "मी माझी येतो," म्हणाली आणि निघालीसुद्धा. भाऊजींनी गाडी तिच्यामागे घातली. पूर्ण रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. मागे एक बस येऊन हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा त्यांनी खिडकीतून हात काढून बसला पुढे जाऊ दिलं.

"भाऊजी, तुम्हीही जा की पुढे," मी म्हटलं. "ताई येतील."

"जाऊ ना," ते म्हणाले. समोर त्यांची बायको उन्हातून चढ चढत होती. "पण वहिनी, तिले असं लांबून चालवताना मी कधी पाह्यलंच नव्हतं. नेहमी सीट धरून पळूनच राहिलो होतो."

आणि ते तसेच हळूहळू चालवत राहिले.