शेवंतीबाईंच्या झिलाची नोकरी

कौस्तुभ धुरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून घराबाहेर पडायचा. त्याची आई शेवंती दारात उभी राहायची आणि शेजारच्या तुळसाकाकीला ऐकू जाईल अशा बेताने विचारायची, "आज मीटिंग लांबतली काय रे?"

"बघूया," एवढंच म्हणून तो स्कूटर चालू करायचा.

बॅगेत लॅपटॉप नसायचा. बॅगेत जुनी पँट, ग्रीसने काळवंडलेला टी-शर्ट आणि जेवणाचा डबा. बंदरावर अस्लमभाईंचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. तिथे पोचला की पत्र्याच्या आडोशाला जाऊन कपडे बदलायचे, संध्याकाळी निघताना पुन्हा इस्त्रीचा शर्ट चढवायचा, असा त्याचा शिरस्ता. नखं तेवढी ऐकत नसत. त्यावर शेवंतीने तोडगा काढला होता. मागच्या दाराशी वाटीत साखर आणि खोबरेल कालवून ठेवलेलं असे. तो आला की आधी तिकडे जायचा, हात चोळून स्वच्छ करायचा आणि मगच पडवीत यायचा, कारण पडवीत शेवंतीच्या शिकवणीची मुलं बसलेली असायची.

ही शिकवणी म्हणजे शेवंतीची गावातली ओळख होती. कणकवलीच्या कॉलेजातून ती इतिहास घेऊन बी.ए. झालेली. नोकरी करायची फार हौस, पण लग्न झालं, सासूचं आजारपण आलं आणि ते राहूनच गेलं. नवऱ्याला सगळे भाई म्हणायचे. तो ओरोसच्या एका सरकारी कचेरीत कारकून, सकाळच्या एसटीने जायचा, दिवेलागणीला परतायचा. मग शेवंतीने आपली सगळी हौस मुलावर लावली. त्याला पाढे तिने शिकवले, इंग्रजी तिने घोकवून घेतलं, बारावीच्या वर्षी घरातला टीव्ही कपाटावर चढवून ठेवला. कौस्तुभ इंजिनीयर झाला, पुण्याला कंपनीत लागला, आणि त्याचा पदवीच्या टोपीतला फोटो पडवीत मुलांच्या बरोबर समोर लागला. पालक मूल सोडायला यायचे आणि फोटोकडे बोट दाखवून म्हणायचे, "बाईनू, आमच्याक पण असोच करा."

दोन वर्षांपूर्वी त्या कंपनीने कौस्तुभच्या हाताखालचं आणि वरचं सगळंच खातं बंद केलं. तो 'पंधरा दिवस' म्हणून गावी आला. शेवंतीने सगळ्यांना सांगितलं, वर्क फ्रॉम होम. त्याच्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि मुलांना दटावायची, "हळू बोला रे, दादा कामात आहे." दादा आत मुलाखती देत असायचा. प्रत्येक मुलाखतीनंतर तो बाहेर येऊन माठातलं पाणी प्यायचा आणि तिच्याकडे न बघता परत जायचा. पुढे पुढे मुलाखतीही येईनाशा झाल्या.

मग एकदा तो स्कूटरच्या कसल्याशा सुट्या भागासाठी बंदरावर गेला आणि तिथे उघडून ठेवलेल्या इंजिनापाशी दुपारपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. आठवडाभराने जेवताना म्हणाला, "आई, अस्लमभाय म्हणतत, शीक. माका ह्याच शिकूचा आसा."

शेवंती रागावली नाही. मुलगा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होता, हे तिला दिसत होतं. रात्र रात्र त्याच्या खोलीतल्या दिव्याकडे डोळे लावून तिनेही काढल्या होत्या. पण हात काळे करायला का आपण याला शिकवलं, हा प्रश्न काही केल्या हटेना.

"शीक," ती म्हणाली. "पण इतक्यात कोणाक सांगा नको. दुसरी नोकरी गावली की सुटलंव."

त्याने भात कालवता कालवता मान हलवली. तेव्हापासून इस्त्रीचा शर्ट आणि गावाला सांगायच्या कंपनीच्या मीटिंगा सुरू झाल्या.

मार्गशीर्षात गावच्या देवळाची जत्रा आली. जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे. आपलं जे काही मागणं असेल ते देवळाचे मानकरी दाजी गावकर यांना सांगायचं, मग दाजी नारळ हातात घेऊन ते मोठ्याने देवाला ऐकवतात आणि जमलेला सगळा गाव त्यांच्या पाठोपाठ "व्हय म्हाराजा!" म्हणून पुकारतो. मनातल्या मनात मागायची सोय नाही.

शेवंतीने घरूनच वाक्य बेतून नेलं होतं. 'मुलाच्या कामाला यश दे.' काम म्हटलं की पुण्याचंही आलं आणि बंदरावरचंही आलं. देवाशी खोटं नाही आणि गावापुढे उघडं नाही. ओटी भरून ती बायकांच्या रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे तुळसाकाकी होती. तिने नातवाच्या पोलीसभरतीचं सविस्तर गाऱ्हाणं घालून घेतलं, धावण्याच्या परीक्षेसकट.

"बोला बाईनू," दाजी म्हणाले.

"झिलाच्या कामाक यश येवंदे."

"कसला काम? देवाक सपष्ट सांगूक लागता. मगे तो म्हणात, माका कळाक नाय."

बायका हसल्या. तुळसाकाकीने वळून विचारलं, "परमोशन काय गो? सांग मगे, लाजतंस कित्याक?"

शेवंतीने आजूबाजूला पाहिलं. शिकवणीच्या मुलांच्या आया उभ्या होत्या. खांबाशी, पुरुषांच्या घोळक्यात, कौस्तुभ उभा होता. आणि तिच्या तोंडून, तिचं तिलाच नवल वाटावं इतक्या सहज, निघून गेलं, "कंपनीवाले तेका दुबयेक धाडतत."

"अरे वा!" म्हणत दाजींनी नारळ उचलला. त्यांचा आवाज दीपमाळेपलीकडे जायचा. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा! तेच्या झिलाक कंपनीवाले दुबयेक धाडतत!"

"व्हय म्हाराजा!"

"ता काम सुखरूप पार पाड! तेका जळी-थळी सांभाळ! कोणाची वाकडी नजर आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाव मनापासून ओरडला. कौस्तुभचंही तोंड सवयीने उघडलं होतं. ते तसंच मिटलं. शेवंतीने ते पाहिलं आणि प्रसादाला हात पुढे करायचा तिला धीर होईना.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "दुबयेची कंपनी खंयची, ता तरी सांगून ठेव. कोणी विचारल्यान तर काय सांगू?"

ती पदराने ताट पुसत राहिली. ताट कोरडंच होतं.

तीन-चार दिवसांनी लवू तांडेल पेढे घेऊन आला. लवूच्या पर्यटकांना समुद्रात फिरवणाऱ्या चार बोटी. गडी मोठ्या आवाजाचा आणि मोकळ्या मनाचा. पडवीत बसला, कौस्तुभच्या पाठीवर थाप मारली.

"बाईनू, झिलान नाव काढल्यान! आमचा मात्र नुकसान झाला हां."

"तुमचा कसला नुकसान?" शेवंती चहाचा कप पुढे करत म्हणाली.

"अवो, गेल्या म्हयन्यात माझी बंद पडलेली दोन इंजिनां ह्येनाच चालू केल्यान. मी ठरवलेलंय, चारीय बोटींची वर्षाची देखरेख ह्येकाच देवची. अस्लमभाय पण म्हणाले, पोराक देवा, तो आता सोताचा वर्कशॉप काढूक तयार आसा. पण आता हो दुबयेक चल्लो. मगे मी वेंगुर्ल्याच्या एका माणसाक शब्द देवन मोकळो झालंय."

शेवंतीच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. "तुमका... कौस्तुभ अस्लमभायकडे जाता ता..."

"आख्ख्या बंदराक म्हायत आसा बाईनू!" लवू हसला. मग जरा ओशाळून म्हणाला, "तुमच्या म्होरे कोण बोलत नसा इतक्याच. तुमका बरा वाटत नाय म्हणान. इस्त्रीचो शर्ट बघून पोरां हसतत. पण दुबयेचा आमी खरा मानलंव. गाऱ्हाण्यात कोण खोटा सांगता?"

कौस्तुभने आईकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तर बोटी कदाचित अजूनही त्याला मिळाल्या असत्या. त्या एका शब्दाने आई देवापुढे आणि गावापुढे खोटी पडली असती.

"थँक्यू, लवूदादा," तो म्हणाला आणि एक पेढा उचलला.

आता बोल, शेवंती स्वतःला म्हणाली. आत्ता बोल. तिने तोंड उघडलं आणि विचारलं, "चायेत साखर कमी नाय ना झाली?"

"झकास झाली!"

लवू गेल्यावर कौस्तुभने दोन्ही कप उचलून मोरीत नेले. तिथूनच म्हणाला, "ह्या वर्षापासून सोताचा सुरू करतलंय, ता तुका जत्रा झाल्यार सांगूचा होता. आता ऱ्हवांदे."

संध्याकाळी भाईला तिने सगळं सांगितलं. भाईने बूट काढले, नीट जोडून ठेवले. "देवाक तू सांगलंस, मी नाय," तो म्हणाला. "तुझा तू निस्तर."

दुसऱ्या दिवशी शेवंतीने शिकवणीला सुट्टी दिली आणि रिक्षाने जेटीवर गेली. लवू खलाशांबरोबर उभा होता, पर्यटकांची लाइफ जॅकेटं मोजून घेत होता. शेवंतीने पालकांशी बोलायची आपली शुद्ध भाषा काढली. "लवू, मला तुमच्याशी थोडं महत्त्वाचं बोलायचं होतं."

"बोला ना बाईनू."

"इथेच?"

"मगे खंय? होडयेत बसून?"

खलाशी हसले. ते दूर जातील म्हणून ती थांबली. कोणी हललं नाही. मग तिची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "दुबय नाय. कंपनी नाय. कायच नाय. नोकरी जावन दोन वर्सां झाली. माझ्या तोंडातसून गेला."

लवूचा चेहरा उतरला. "देवासमोर?"

"व्हय."

कोणीतरी मागे खुदकन हसलं आणि लगेच खोकला काढला. लवू बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. त्याला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती, हे शेवंतीला कळलं, आणि ते त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"बाईनू, शब्द दिलो तो दिलो," शेवटी तो म्हणाला. "तीन बोटी गेल्यो. चवथी जुनी आसा, तेच्या इंजिनाक वेंगुर्लेकार हात लावूक तयार नाय. ती कौस्तुभाक देतंय. हंगाम चालवल्यान तर फुडल्या वर्साचा बघूया. पण तेका तुमी सांगा. मी सांगूचंय नाय."

अस्लमभाईंचं वर्कशॉप तिथून हाकेच्या अंतरावर होतं. शेवंती तिथे कधीच आली नव्हती. दारात उभी राहिली तेव्हा कौस्तुभ एका उलट्या टांगलेल्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता, तोंडाने शीळ घालत. ती शीळ तिने त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर ऐकली नव्हती.

त्याने वर पाहिलं. शीळ थांबली. आणि त्याने झटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले.

चोरून फटाके उडवताना सापडला होता, तेव्हाही या मुलाने हात लपवले नव्हते. ही लाज त्याची नव्हती. तिने ती घरी, मागच्या दाराशी, वाटीत कालवून त्याला दिली होती.

"येवा बाईनू, बसा," अस्लमभाईंनी स्टूल पुसून पुढे केलं. "घरात सगळा बरा मा?"

तिने उभ्यानेच लवूकडचं सगळं सांगितलं. ऐकताना कौस्तुभचे हात हळूहळू पुढे आले. "सगळ्यांसमोर सांगलंस? खलाशांसमोर?"

"व्हय."

"येकटी कित्याक गेलंस? माका सांगूचा तरी." तो चिडला होता, आणि कशावर ते त्याचं त्यालाही कळत नसावं. मग म्हणाला, "चवथी बोट म्हंजे ती निळी. तेच्या इंजिनाची पार वाट लागलेली आसा."

"जमतला तुका?"

"बघूक व्हया," म्हणून तो पुन्हा कामाला लागला. शेवंती स्टुलावर बसून राहिली. अस्लमभाईंनी चहा मागवला. तिने तो प्यायला. गोड होता की नाही, तिला काही कळलं नाही.

दुपारी डबा तसाच ठेवून दोघं एका स्कूटरवरून जेवायला घरी निघाले. कौस्तुभने नाक्यावरून गाडी डावीकडे, खाडीच्या बाजूला वळवली.

"हकडसून खंय?"

"रोज हकडसूनच जातंय मी. बाजारात कोण तरी भेटता, काय काय विचारता. तुका नको म्हणान."

लांबचा वळसा होता तो, खाचखळग्यांचा. पावसातही पोरगा इथूनच येत-जात होता आणि तिला पत्ता नव्हता.

"मागे घे," ती म्हणाली. "बाजारातसून चल. म्हावरा घेवचा आसा."

मासळीबाजाराशी गाडी थांबते न थांबते तोच एक कोळीण ओरडली, "बाईनू! झील दुबयेक कधी जाता?"

"जावचो नाय तो." शेवंतीचा चेहरा तापला होता. "अस्लमभायकडे इंजिनां दुरुस्त करता. दुबयेचा मी खोटा सांगलंय."

"आणि गाऱ्हाणा?"

"ता पण खोटाच."

कोळणीने तिच्याकडे पाहिलं, मग कौस्तुभकडे, त्याच्या हातांकडे. बाजूच्या दोघीजणी बोलायच्या थांबल्या. "बांगडे देऊ काय?" कोळीण शेवटी म्हणाली, जरा खालच्या आवाजात.

"देवा."

कौस्तुभ स्कूटरवर बसून समोर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. शेवंतीने पिशवी घेतली आणि त्याच्या मागे बसली. पुढे औषधाच्या दुकानाशी तिच्या शिकवणीतल्या दोन मुलांच्या आया उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीने हात हलवून गाडी थांबवायची खूण केली. बाजार अजून अर्धा उरला होता.