फोटोआधीची पंगत

मंडळी, आज पेठला दवाखान्याबाहेर आमच्या सेवा गटाचं, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मोफत जेवण होतं. श्लोक म्हणायचं काम माझं. तो होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. ताटं वाढली, पण अन्नदाते फोटोसाठी यायचे होते. गटप्रमुखांनी मला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

समोरची आजी म्हणाली, "भाऊ, म्हणा की तुमचा मंतर! सून आत एकली हाय, डाक्टर कवाबी हाक मारतील."

पोथीतलं धर्मसंकट असं आमटी-भातावर येऊन बसेल, असं वाटलं नव्हतं. पळायला वाट नाही. म्हटला श्लोक.

आजी भराभर जेवून आत गेली. दाते आले तेव्हा पंगत उठलेली. मग भरलं ताट देऊन, गरजू म्हणून मलाच फोटोत बसवलं.

फोटो तुमच्यापर्यंत येईलच. लाइक करण्याआधी माझा चेहरा नीट बघाल ना?